एसेनची चाळण

रूहर भागात राहणाऱ्या आपल्या मंडळींना दर उन्हाळ्यात एक प्रश्न पडतो. भारतातून आई-वडील येतात, भाऊ-वहिनी येतात. कोलोनचं कॅथेड्रल होतं, ऱ्हाइनमधली बोट होते, हॉलंडला एक चक्कर होते. पुढे काय? अशा वेळी एसेनच्या कोळशाच्या खाणीचं नाव काढलं की पाहुण्यांचे चेहरे पडतात. "खाण बघायला विमानाचं तिकीट कशाला काढायचं? आमच्या चंद्रपूरला काय कमी आहेत?" असं आमच्या काकांनी मला सरळ विचारलं होतं. काकांची सारी नोकरी कोळशात गेलेली, त्यामुळे त्यांचा प्रश्न रास्तच होता. तरीही त्यांना आणि काकूंना मी तिथे नेलं, आणि त्यानंतर जे कोणी येईल त्यांना नेत आलो आहे. कारण तिथे बघायची ती खाण नव्हेच. खाण कधीच बंद झाली. बघायची ती तिथली चाळण.

एसेनच्या मुख्य स्टेशनावरून १०७ नंबरची ट्राम घ्यायची आणि 'त्सोलफेराइन' ह्या स्टॉपवर उतरायचं. नाव उच्चारायला जड आहे, पण अर्थ सोपा. १८३४ साली निरनिराळ्या जर्मन राज्यांनी आपापसातली जकात काढून टाकून एक संघ केला, त्याचं हे नाव. फ्रांत्स हानिएल ह्या उद्योगपतीने १८४७ साली इथे खाण सुरू केली आणि तिला हे ताजं, कौतुकाचं नाव दिलं. आज आपण बघतो तो भाग मात्र बराच नंतरचा. फ्रित्स शुप आणि मार्टिन क्रेमर ह्या दोन वास्तुशिल्पींनी आखलेला हा बारा नंबरचा शाफ्ट १९३२ साली चालू झाला. लाल विटा, पोलादी चौकटी, सगळं काटकोनात, आणि मधे ५५ मीटर उंचीचा तो प्रसिद्ध मनोरा. जर्मन लोक हिला 'जगातली सर्वांत सुंदर खाण' म्हणतात. जर्मनांच्या मानाने ही अतिशयोक्ती जरा जास्तच वाटेल, पण प्रत्यक्ष बघितल्यावर आमचे काकाही गप्प झाले, हे नमूद करतो. दिवसाला १२,००० टन कोळसा ह्या एका शाफ्टमधून वर येत असे. २३ डिसेंबर १९८६ रोजी काम थांबलं, २००१ साली युनेस्कोने हे सगळं जागतिक वारशाच्या यादीत घातलं. जर्मनीतली दगडी कोळशाची शेवटची खाण, शेजारच्याच बोट्रोपमधली, २०१८च्या डिसेंबरात बंद झाली. म्हणजे ज्या धंद्यावर हा सारा प्रदेश उभा राहिला, तो धंदा आता फक्त म्युझियममध्ये आहे.

म्युझियम आहे ते 'कोलेनवेशे' नावाच्या इमारतीत. शब्दशः अर्थ कोळशाची धुलाई. "कोळसा उगाळावा तितका काळाच" म्हणणाऱ्या आपल्या लोकांना कोळसा धुण्यासाठी एवढी थोरली इमारत बांधलेली बघून हसू येतं. आत शिरण्यासाठी बाहेरच्या बाजूने एक लांबच लांब सरकता जिना आहे. तो आपल्याला एकदम २४ मीटर उंचीवर नेऊन सोडतो. तिथून पुढे आपण मजल्यामजल्याने खाली उतरत जायचं. हे मुद्दाम तसं केलंय. कोळसाही असाच पट्ट्यावरून आधी वर जायचा आणि मग स्वतःच्या वजनाने एकेका यंत्रातून खाली यायचा. आपणही कोळशाच्याच वाटेने जातो. जुनी यंत्रं बरीचशी जागच्या जागी ठेवली आहेत. वाटाड्या घेऊन जायची सोय आहे, आणि नशीब चांगलं असेल तर वाटाड्या म्हणून एखादा जुना खाणकामगारच मिळतो. आम्हाला मिळाला होता. सत्तरी ओलांडलेला, उंच, आणि 'ग्ल्युक आउफ' असा खाणवाल्यांचा नमस्कार करून बोलायला लागला की थांबायचं नाव नाही असा.

त्याच्याकडून आणि नंतर थोड्या वाचनातून जे समजलं, ते असं.

खाणीतून वर येतो तो नुसता कोळसा नसतो. त्यात दगड असतात, माती असते, लाकडाचे तुकडे असतात, आणि डोक्याएवढ्या ढेकळापासून पिठासारख्या भुकटीपर्यंत सगळे आकार असतात. पहिली चाळण साधारण ८० मिलिमीटरची. तिच्यावर राहिलेली मोठी ढेकळं एका सरकत्या पट्ट्यावरून जायची आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहिलेली माणसं त्यातले दगड हाताने वेचून काढायची. ही माणसं कोण? एकीकडे चौदा-पंधरा वर्षांची पोरं, ज्यांना अजून खाली जायची परवानगी नाही. दुसरीकडे अपघाताने किंवा छातीच्या रोगाने निकामी झालेले म्हातारे, ज्यांना आता खाली जाता येत नाही. धूळ आणि आवाज इतका, की एकमेकांशी खुणांनी बोलायचं. म्हाताऱ्या वाटाड्याने आपला स्वतःचा पहिला दिवस त्याच पट्ट्यावर काढला होता. "दगड आणि कोळसा ह्यांतला फरक रंगावरून नाही, हाताला लागणाऱ्या वजनावरून कळतो," असं तो म्हणाला. काकू लगेच म्हणाल्या, "खडे निवडताना आम्हाला काय डोळ्यांनी दिसतात होय? बोटांनाच कळतात."

चाळणीखाली पडलेला माल पुढे धुलाईला. पाण्याच्या मोठ्या हौदात तळाच्या जाळीतून पाणी सारखं वर-खाली ढकलत राहायचं. हलका कोळसा वर तरंगल्यासारखा राहतो, जड दगड खाली बसतो. हे आपलं तांदूळ रोळण्याचंच काम, फक्त तासाला शेकडो टनांच्या हिशोबाने. गंमत म्हणजे ह्या टाकाऊ दगडांना खाणवाल्यांच्या भाषेत 'बेर्गे' म्हणतात, म्हणजे डोंगर! आणि त्या दगडांचे ढीग टाकून टाकून ह्या सपाट प्रदेशात खरोखरच टेकड्या उभ्या राहिल्या आहेत. आज त्यांवर झाडं लावली आहेत आणि रविवारी लोक सायकली घेऊन चढतात.

धुतलेला कोळसा मग पुन्हा चाळायचा, आकाराप्रमाणे. त्या आकारांची नावं मला फार आवडतात. 'नुस', म्हणजे अक्रोड-बदामातलं कठीण कवचाचं फळ. नुस एक म्हणजे ८० ते ५० मिलिमीटर, नुस दोन ५० ते ३०, तीन म्हणजे ३० ते १८, चार म्हणजे १८ ते १०, आणि पाच म्हणजे १० ते ६. त्याखाली उरतो तो बारीक कोळसा. घरातल्या शेगडीला एक आकार, बेकरीच्या भट्टीला दुसरा. मुंबई-पुण्यात ज्यांनी कोळशाच्या वखारीतून गोणी आणल्या आहेत, त्यांना हे चटकन कळेल. गोणीच्या तळाला चुरा जास्त निघाला की वखारवाल्याशी भांडण ठरलेलं. चुऱ्याने शेगडीतली हवा अडते, कोळसा धुमसतो, आणि भात काही होत नाही. गिऱ्हाइकाने पैसे मोजले ते आकारासाठी. म्हणून आकार नीट वेगळे झाले आहेत की नाहीत, हा प्रश्न खाणीच्या दृष्टीने रोख पैशाचा होता.

इथे काकांमधला कोळशातला माणूस जागा झाला. त्यांनी विचारलं, आणि मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये पुढे सरकवलं, "चाळण नीट चालली आहे हे तुम्ही मोजता कसं?"

म्हाताऱ्याचे डोळे चमकले. असा प्रश्न त्याला रोज कोण विचारणार! तो म्हणाला, "चाळणीकडे बघून काही कळत नाही. खाली काय पडलं आणि वर काय राहिलं, दोन्ही बघावं लागतं."

ह्या एका वाक्यात सगळं शास्त्र आहे. जरा आकडे मांडून सांगतो, कंटाळू नका. समजा १० मिलिमीटर भोकांची चाळण आहे. तिच्यावर १०० किलो माल टाकला. त्यात ४० किलो १० मिलिमीटरपेक्षा बारीक, ६० किलो जाड. चाळण चालवली आणि खाली ३६ किलो पडला, सगळा बारीक. म्हणजे जो ४० किलो पडायला हवा होता त्यातला ३६ पडला: ९० टक्के. उरलेला ४ किलो बारीक माल जाड मालाच्या पाठीवर बसून पुढे निघून गेला. ह्या चुकीच्या घरी गेलेल्या कणांना जर्मनमध्ये 'फेलकोर्न' म्हणतात, म्हणजे चुकला दाणा.

आता समजा चाळणीची जाळी एका जागी फाटली. खाली काय पडेल? बारीक माल सगळा, ४०च्या ४० किलो. पण त्याबरोबर १५ किलो जाडही. बारीक मालाचाच हिशोब ठेवणारा मुकादम खूश होईल: शंभर टक्के! काल ९० होते, आज १००! आणि चाळण तर फाटलेली आहे. जाड बाजूचा हिशोब घेतला तर कळतं की ६० किलोंपैकी ४५ च वर राहिला, म्हणजे ७५ टक्के. म्हणून दोन्ही बाजू मोजायच्या आणि त्यांचा गुणाकार करायचा. पहिल्या चाळणीचे ९० टक्के, फाटक्या चाळणीचे ७५. उलट जाळी ओल्या मातीने पूर्ण बुजली तर वरची बाजू शंभर टक्के आणि खाली शून्य. एकाच बाजूचा आकडा दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, हे कोळसा शिकवतो.

मोजायची रीतही ठरलेली आहे. आलेल्या, वरच्या आणि खालच्या मालातून नमुने घ्यायचे. ते प्रयोगशाळेतल्या छोट्या गोल चाळण्यांच्या उतरंडीवर टाकायचे, सगळ्यांत मोठ्या भोकांची वर, मग त्याहून बारीक, तळाला ताट. ठरावीक मिनिटं हलवायचं आणि प्रत्येक चाळणीवर राहिलेलं तोलायचं. ह्या चाळण्या बनवणारी गावं इथून जवळच आहेत. डुसेलडोर्फ आणि वुपरटालच्या मधे हान नावाचं गाव आहे, तिथली रेच ही १९१५ पासूनची कंपनी. वेस्टफालियात ओल्डे गावी हावर उंड बोकर, १८८७ पासूनची. त्यांची नावं भारतातल्या सिमेंटच्या किंवा औषधांच्या कारखान्यात काम केलेल्या कुणालाही ठाऊक असतील. भोकाचा आकार ठरलेल्या प्रमाणाबाहेर गेला की अशी चाळणी बाद. म्हणजे चाळणीला तपासायची चाळणी आणि तिलाही तपासणारी माणसं!

पण सगळ्यांत सुरस भाग पुढे आहे. कुठले दाणे चुकतात? एक मिलिमीटरची भुकटी १० मिलिमीटरच्या भोकातून बिनतक्रार पडते. ३० मिलिमीटरचा खडा कधीच पडत नाही. चूक होते ती सीमेवरच्या दाण्याची. जाळीच्या तारेची जाडी सोडून दिली, तर १० मिलिमीटरच्या चौकोनी भोकातून ५ मिलिमीटरचा दाणा एका उडीत पडून जाण्याची शक्यता चारात एक. आणि ९ मिलिमीटरच्या दाण्याची? शंभरात एक! तो भोकापेक्षा लहान आहे, खाली जाण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे, पण बरोबर मधोमध पडला तरच तो जाणार. जरा कडेला लागला की तारेवर आपटून पुन्हा वर. म्हणजे त्याला सरासरी शंभर उड्या मारायला मिळायला हव्यात. साडेनऊ मिलिमीटरच्या दाण्याला तर चारशे. चाळण लांब असेल, माल बेताचा टाकला असेल, तर तेवढ्या उड्या मिळतात. घाई केली, माल लादला, तर त्याची संधी यायच्या आतच चाळण संपते आणि तो बिचारा जाड मालात मोजला जातो. काही दाणे तर भोकातच अडकून बसतात, ना वर ना खाली. ते बाकीच्यांची वाट अडवतात. त्यासाठी जाळीखाली रबरी चेंडू ठेवतात, ते उसळून जाळीला खालून थापा मारतात. काकू म्हणाल्या, "आम्ही चाळणीला तळव्याने थापटी मारतो तीच ही." खरंच तीच.

ह्या सगळ्याचं चित्र काढायची पद्धत घालून दिली ती ट्रॉम्प नावाच्या डच इंजिनिअरने. एसेनहून निघणाऱ्या 'ग्ल्युकआउफ' ह्या खाणवाल्यांच्या नियतकालिकात १९३७ साली त्यांचा लेख आला. त्यांनी विचार केला होता कोळसा आणि दगड वजनाप्रमाणे वेगळे करण्याचा, पण तीच रेघ चाळणीलाही लागू पडते. प्रत्येक आकाराच्या दाण्यांपैकी किती टक्के वर राहिले, एवढंच कागदावर मांडायचं. आदर्श चाळणीची रेघ भिंतीसारखी सरळ उभी राहील: इकडचे सगळे इकडे, तिकडचे सगळे तिकडे. खऱ्या चाळणीची रेघ घाटाच्या रस्त्यासारखी चढत जाते. तिच्यावर एक जागा अशी असते, जिथे निम्मे दाणे वर आणि निम्मे खाली. त्या आकारालाच चाळणीची 'सीमा' म्हणायचं. म्हणजे बघा, ज्याला आपण चाळणीचा निर्णय म्हणतो, तो नेमका सीमेवर नाणं उडवल्यासारखा असतो. रेघ किती उभी, ह्याला जर्मन शब्द आहे 'ट्रेनशेर्फे', वेगळं करण्याची धार. पंचवीस टक्क्यांचा आकार भागिले पंचाहत्तर टक्क्यांचा आकार, असा तो काढतात. आदर्श चाळणीला उत्तर एक येईल. कारखान्यातल्या चाळणीला ०.६ ते ०.८ मिळाले तरी ती चांगली धारदार समजतात. एक कुणालाच मिळत नाही.

स्वयंपाकघरात परत येऊ. इथे नव्याने आलेल्या आपल्या भगिनींना पिठाच्या पाकिटावरचे ४०५, ५५०, १०५० हे आकडे बघून वाटतं की हा चाळणीचा नंबर असावा, किती बारीक ते सांगणारा. तसं नाही. शंभर ग्रॅम कोरडं पीठ सुमारे ९०० अंशांवर जाळलं तर मागे किती मिलिग्रॅम राख उरते, तो हा आकडा. गव्हाच्या कोंड्यात क्षार जास्त, म्हणून कोंडा जास्त तर राख जास्त. ४०५ म्हणजे कोंडा जवळजवळ सगळा चाळून काढलेला, आपला मैदाच. १०५० मध्ये तो बराच राहिलेला. म्हणून पोळ्यांना १०५० घ्यावं, किंवा दोन्ही मिसळावीत, हे आपल्याकडे एकमेकींना सांगितलं जातं ते बरोबर आहे. मुद्दा असा की गिरणीवालाही आपली चाळण कशी चालली ते राख जाळून बघतो, आणि कोळशातही दगड किती राहिला ते राखेवरूनच बघतात. राखेतून डाळ निवडायला लावलेली ती आशेनपुटेल, म्हणजे मुलांची सिंड्रेला, हिच्या नावातही राख आहेच! ग्रिम बंधूंच्या ह्या देशात निवडणं-चाळणं हे काम गोष्टींपासून कारखान्यापर्यंत पसरलेलं आहे.

चाळणीच्या शास्त्रात आणखी दोन नावं जोडीने येतात, रोझिन आणि रामलर. भरडलेल्या कोळशात कुठल्या आकाराचे कण किती निघणार, ह्याचा त्यांनी घालून दिलेला नियम १९३३ साली प्रसिद्ध झाला आणि आजही जगभर वापरला जातो. त्यांतले पाउल रोझिन ज्यू वंशाचे. त्याच दशकात नाझी राजवटीमुळे त्यांना देश सोडून इंग्लंडला जावं लागलं. एरिक रामलर मागे राहिले. युद्धानंतर ते पूर्व जर्मनीत फ्राइबर्गच्या प्रसिद्ध खाणविद्यापीठात प्राध्यापक झाले. पूर्व जर्मनीत चांगला दगडी कोळसा जवळजवळ नव्हता, होता तो मऊ तपकिरी कोळसा. रामलर आणि त्यांचे सहकारी बिल्केनरोट ह्यांनी तोच अगदी बारीक करून, दाबून, त्याचा भट्टीला चालेल असा कोक करण्याची रीत काढली. १९५२ साली लाउखहामरला त्याचा कारखाना सुरू झाला. एकाच नियमावरची दोन नावं, त्यांतल्या एकाला एका सरकारने रक्त विचारून बाहेर टाकलं. माणसांना चाळणी लावण्याची ह्याहून भयंकर तऱ्हा जगाने बघितलेली नाही.

इथे मला आपल्या घरांतल्या चाळणीबद्दल बोलायचं आहे. ती अर्थातच त्या जातीची नाही, पण आपली झोप उडवते. चौथीची!

जर्मनीच्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांची वाट ठरते. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीनंतर. गिम्नाझिउम, रेआलशुले, हाउप्टशुले. बायर्नमध्ये जर्मन, गणित आणि परिसर ह्या तीन विषयांची सरासरी २.३३ पर्यंत असली तर गिम्नाझिउम. आमच्या नोर्डऱ्हाइन-वेस्टफालनमध्ये शाळा शिफारस करते, शेवटचा शब्द आई-वडिलांचा. जानेवारीच्या शेवटी प्रगतिपुस्तकं आली की आपल्या हळदीकुंकवात दुसरा विषय नसतो. ओळखीच्या एका घरातली मुलगी तिसरीच्या मधे पुण्याहून इथे आली. गणितात वर्गात पुढे, जर्मनमध्ये मात्र चार. दीड वर्षात शिफारस आली, गिम्नाझिउमसाठी योग्य नाही. तिची आई मला म्हणाली, "भाऊजी, मुलगी हुशार नाही असं कोणी म्हणत नाही. पण कागदावर तेच लिहिलंय."

मला तो ९ मिलिमीटरचा दाणा आठवला. त्याला जायचा हक्क होता, पण पुरेशा उड्या मिळायच्या आत चाळण संपली. पहिलीपासून इथे असलेल्या मुलाला चार वर्षं मिळतात, हिला दीड मिळालं. ह्यात शिक्षिकेचा दुष्टपणा शोधण्याची गरज नाही. सीमेवरच्या दाण्याचं असंच होतं, चाळण कितीही प्रामाणिक असली तरी. आणि जर्मनीने आपली ही चाळण मोजूनही बघितली आहे. 'पिसा' ह्या आंतरराष्ट्रीय परीक्षेचे पहिले निकाल २००१च्या डिसेंबरात आले, तेव्हा घरची परिस्थिती आणि मुलाचं यश ह्यांची गाठ जर्मनीत इतर बहुतेक देशांपेक्षा जास्त घट्ट आहे असं दिसलं. इथे त्याला 'पिसाचा धक्का' म्हणतात. तोवर लोक एकाच बाजूचा आकडा बघत होते, गिम्नाझिउममधली मुलं किती हुशार. दुसऱ्या बाजूला किती फेलकोर्न गेलं, हे कोणी तोलत नव्हतं.

म्हणून आपल्यातल्या आई-वडिलांना माझं सांगणं एवढंच. शिफारशीचा कागद म्हणजे मुलाचं माप नव्हे. एका चाळणीवरून एकदा गेल्याची नोंद आहे. मूल स्पष्टपणे इकडचं किंवा तिकडचं असेल तर शिक्षिका बहुधा बरोबर असते, उगाच भांडू नका. पण सीमेवर असेल तर तिथे नाणं उडालेलं असू शकतं हे ध्यानात ठेवा, आणि त्याला आणखी उड्या मिळवून द्या: गेझाम्टशुले आहे, जिथे इतक्या लवकर वेगळं करत नाहीत, दहावीनंतर वाट बदलता येते, बेरूफ्सकोलेगमधूनही आबिटूर होतं. चांगल्या कारखान्यात चुकलेला माल पुन्हा चाळणीवर घालतात, त्यात कुणाची मानहानी नसते. आणि कोळशाची उपमा जिथे संपते ते तर सगळ्यांत महत्त्वाचं. ९ मिलिमीटरचा दाणा उद्याही ९ मिलिमीटरचाच राहतो. दहा वर्षांचं मूल तसं राहत नाही.

चाळणीखाली पडणं म्हणजे वाया जाणं असंही नाही. नुस एक, नुस दोन अशी ऐटीची नावं जाड कोळशाला मिळाली, पण सगळ्यांत खाली पडलेला बिननावाचा बारीक कोळसा जायचा तो कोक करायला. पोलादाच्या भट्टीला कोक लागतो, आणि तो होतो बारीक कोळशाचाच. त्सोलफेराइनच्या आवारातच पलीकडे १९६१ ते १९९३ चाललेला कोकचा प्रचंड कारखाना उभा आहे. रूहरचं पोलाद त्या चुऱ्यावर उभं होतं. आपल्या वखारीत उरलेल्या चुऱ्याचे शेणात कालवून गोळे व्हायचे, तेही वाया जात नसतच. इथे कारागिरी शिकून मास्टर झालेला माणूस मान ताठ ठेवून जगतो, हेही आपल्या पोळी-भाजीच्या गप्पांत कधीतरी निघायला हवं. आपल्याला डॉक्टर आणि इंजिनिअर ह्या दोनच भोकांची चाळण ठाऊक असते, आणि ती आपण घरूनच आणलेली असते. तिच्यातून कोण कुठे पडलं ते कुणी मोजलं आहे का?

ती मुलगी गेझाम्टशुलेत गेली. आता नववीत आहे. पुढे काय होईल ते अजून ठरायचं आहे.

जायचं असेल तर थोडं व्यवहाराचं. अर्धा दिवस पुरत नाही, पूर्ण दिवस ठेवा. म्युझियममध्ये वरून खाली उतरत जायचं असतं, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या पाहुण्यांना आधी विचारा, लिफ्ट आहे. नारिंगी दिव्यांचा आतला जिना फोटोसाठी छान, तापलेल्या निखाऱ्यासारखा दिसतो. छपरावरून सगळा रूहर प्रदेश दिसतो, हवा स्वच्छ असेल तर ते बेर्गेचे हिरवे डोंगरही. कोळसा कसा चाळत-धुवत होते ते बघायचं असेल तर वाटाड्याची वेगळी फेरी असते, ती आधी ठरवावी लागते. जुने खाणकामगार आता थोडे उरले आहेत, तेव्हा फार पुढे ढकलू नका. मुलांना जरूर न्या, विशेषतः तिसरी-चौथीतल्या. आणि डबा बरोबर ठेवा. आमच्या काकूंनी त्या दिवशी आवारातल्या बाकावर बसून दशम्या काढल्या तेव्हा त्या म्हाताऱ्या वाटाड्यालाही एक दिली. त्याने ती उलटसुलट बघितली, खाल्ली आणि विचारलं, पीठ कुठलं? १०५०, असं सांगितल्यावर त्याने मान डोलावली.